स्पिनेकर पोलची लांबी कशी ठरवावी

शिडाच्या होडीत वारा मागून असताना पुढे उभारायच्या फुगीर शिडाला, म्हणजे स्पिनेकरला, बाहेर ताणून धरणारा दांडा म्हणजे स्पिनेकर पोल. तो घेण्यापूर्वी डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून फोरस्टे (डोलकाठीला पुढून आधार देणारी तार) जिथे डेकला जोडलेला असतो तिथपर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजावे. या मापाला ‘जे’ म्हणतात आणि सममित स्पिनेकरसाठी पोल साधारणपणे तेवढ्याच लांबीचा असतो. टेप तिरका धरल्यास माप जास्त येते आणि ही चूक फार सहज होते.

वारा पाठीशी घेऊन जेनोआ (फोरस्टेवरचे, डोलकाठीच्या मागेपर्यंत पोहोचणारे मोठे शीड) बाहेर ताणून धरायचे असेल, तर मात्र हिशेब बदलतो. ‘जे’ 4 मीटर असल्यास 135 टक्क्यांच्या जेनोआचे फोरस्टेपासून क्लूपर्यंतचे (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचे) लंब अंतर ‘जे’च्या 135 टक्के, म्हणजे 5.4 मीटर भरते, त्यामुळे 4 मीटरच्या पोलवर ते शीड सैल पडून फडफडत राहते. अशा वेळी लांबी कमी-जास्त करता येणारा टेलिस्कोपिक पोल घ्यावा किंवा जेनोआ थोडे गुंडाळावे. लांबच्या प्रवासासाठी मला दुसरा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, कारण पोल जितका लांब तितका तो दाबाखाली वाकण्याचा धोका अधिक.

पोलचे डोलकाठीकडचे टोक डोलकाठीवरच्या रुळावर वर सरकवता येते का, हेही पाहावे. फोरस्टे वर जाताना डोलकाठीकडे कलत जात असल्याने ‘जे’एवढा पोल आडवा ठेवून फोरस्टेच्या आतून दुसऱ्या बाजूला फिरवता येत नाही; त्यासाठी डोलकाठीकडचे टोक वर घेऊन बाहेरचे टोक खाली झुकवावे लागते.