पहाडावरच्या गावात सांडपाण्याची सोय कशी करावी

मेळघाटासारख्या पहाडी गावात सांडपाणी एका जागी थांबत नाही, उतारानं खाली जातं अन् खाली कोणाची तरी विहीर नाही तर झरा असतोच. जुलै २०२२ मधे चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी अन् कोयलारीत विहिरीचं खराब पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं दगावली. म्हणून सब्बल हातात घ्यायच्या आधी आपल्या घरचं पाणी जातं कुठं ते बघा, भर पावसात एक चक्कर मारली की सगळं समजतं.

संडासाचं पाणी मोरी-न्हाणीच्या पाण्यात अजिबात आणायचं नाही. त्याला दोन खड्ड्यांचा संडास, विहिरीपासून किमान १० मीटर लांब अन् उताराच्या खालच्या अंगाला. काळ्या दगडाला भेगा असतील तर अजून लांब न्या, कारण भेगेतून घाण पाणी गाळल्याशिवाय सरळ खाली उतरतं.

आता मोरीचं अन् न्हाणीचं पाणी. सगळेजण शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा सांगतात पण आधी जमीन तपासा. हातभर खड्डा करा, पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरा. अर्ध्या तासात इंचभर उतरलं तर शोषखड्डा चालेल, तासभर झाला तरी हललं नाही तर खाली खडक आहे, तिथं पैसे घालू नका. अशा जागी गिट्टीचा वाफा, म्हणजे गिट्टी भरून वर झाडं लावलेला चर करावा, त्यातून पाणी गाळत पुढं जातं, अन् माझ्या मते पहाडावर तोच बरा, उतार असल्यानं मोटार लागत नाही.

वाफ्याच्या आधी एक छोटा चेंबर बांधा, त्यात खरकटं अन् माती खाली बसते, तेल वर तरंगतं. बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून एल्बो (पाइप वळवायचा जोड) लावून तोंड खाली पाण्यात बुडवा म्हणजे तेलकट साय पुढं जात नाही. झाकण घट्ट पाहिजे, हत्तीरोग पसरवणारा डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात अंडी घालतो.

वाफा उताराला आडवा खोदा, १० फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट खोल. तळाला किंचित ढाळ द्या अन् शेततळ्याला अंथरतात तो जाड प्लास्टिक कागद टाका. दोन्ही टोकाला मुठीएवढे दगड, मधे पाऊण इंची गिट्टी, पण गिट्टी धुवूनच टाका नाही तर तिची भुकटीच वाफा जाम करते. शेवटच्या टोकाला तळातून पाइप काढून एल्बोनं वर वळवा, त्याचं तोंड जितकं उंच तितकीच आत पाण्याची पातळी राहते, ती गिट्टीच्या ३ इंच खाली ठेवा म्हणजे वर पाणी दिसणार नाही, डास नाही, वासही कमी. मग दीड-दीड फुटावर करदळ लावा, कोणाच्याही वाडीत फुकट मिळते.

हे माप पाच माणसांच्या घराचं आहे. सरकारच्या जलजीवन (नळाचं पाणी) योजनेच्या हिशोबानं माणशी रोज ५५ लिटर म्हणजे २७५, त्यातलं साधारण २०० लिटर मोरीत येतं. गिट्टीत ४० टक्के पोकळी धरली तर वाफ्यात ५०० लिटर मावतं, म्हणजे पाणी दोन-अडीच दिवस मुळांजवळ राहतं अन् तेवढ्यात बरीच घाण जिरते.

वाफ्याच्या वरच्या बाजूला पावसाचं पाणी वळवायला चर काढाच, नाही तर एकाच झडीत सगळी माती गिट्टीत जाऊन बसेल. चेंबर दर आठवड्याला साफ करा, निघालेला गाळ उकिरड्यावर टाका. सुरुवातीच्या दगडांवर पाणी तुंबलेलं दिसलं तर फक्त तेवढे दगड काढून धुवा, अख्खा वाफा उपसायची गरज नसते.

बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिण्याचं नाही, गुरांनाही पाजू नका. केळी, पपईच्या बुडाशी सोडा, धोप्याला (अळूला) चालतं कारण तो शिजवूनच खातो. सांबार (कोथिंबीर), मुळा असं कच्चं खायचं काही त्या पाण्यावर घेऊ नका.