इलेक्ट्रिक मोटरसायकल निवडताना रेंजच्या आकड्यावर जाऊ नका, आधी स्वतःचा दिवस मांडा

इलेक्ट्रिक बाईक बघायला लागलं की आपण पहिलं काय करतो तर चार-पाच मॉडेल एका कागदावर मांडतो, रेंज किती (म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर), टॉप स्पीड किती, शून्य ते शंभर किती सेकंदात, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्यापुढे टिक. मीपण हेच केलं होतं आणि त्यात बराच वेळ घालवल्यावर लक्षात आलं की हे आकडे शेजारी शेजारी मांडताच येत नाहीत, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगतो, मॉडेलं जरा बाजूला ठेव आणि आधी तुझा महिन्यातला सगळ्यात लांबचा दिवस लिहून काढ. रोजचा नाही, लांबचा. किती किलोमीटर जातोस, त्यातले किती हायवेवर आणि काय स्पीडनं, आणि रात्री गाडी जिथं उभी असते तिथं प्लग आहे का. तीनच गोष्टी आहेत पण यातल्या स्पीडकडे कुणी लक्षच देत नाही आणि खरा घोळ तिथंच होतो.

एक उदाहरण बघा. झिरो ही २००६ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेली, फक्त इलेक्ट्रिक दुचाकीच बनवणारी कंपनी. त्यांची एसआर/एफ २०१९ ला आली तेव्हा शहरातली रेंज दिली होती साधारण २५९ किलोमीटर, आणि त्याच गाडीची, त्याच बॅटरीवर, हायवेला ताशी ११३ च्या स्पीडनं रेंज साधारण १३२. म्हणजे निम्मी! यात कंपनी काही लपवत नाहीये, दोन्ही आकडे त्यांनीच छापलेत, हा सगळा हवेचा खेळ आहे. स्पीड दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि मोटरसायकलवर माणूस उघडा बसलेला असतो, हवा कापायला कारसारखा आकार नसतो, त्यामुळे फटका जोरात बसतो. शहरात उलट होतं, स्पीड कमी, आणि ब्रेकच्या वेळी थोडी पॉवर बॅटरीत परत जाते, म्हणून इलेक्ट्रिक गाडी शहरात जास्त चालते आणि हायवेला कमी, पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं.

मी एकदा मित्राची गाडी घेऊन निघालो होतो, मीटरवर १७० दाखवत होतं आणि जायचं होतं ९०, म्हटलं आरामात होईल. समोरून वारा होता, मी ११० नं चाललो होतो, आणि चाळीस किलोमीटर झाले तोवर अर्धी बॅटरी संपलेली. मग स्पीड ७० वर आणला, कोपर आत घेऊन टाकीवर (टाकी कसली म्हणा, तिथं हेल्मेटचा खण होता) वाकून बसलो, आणि पोचलो तेव्हा मीटरवर ४ टक्के होते. गाडीत काही दोष नव्हता. मीटर बिचारा आदल्या दिवशीच्या शहरातल्या चालवण्यावरून अंदाज सांगत होता, आणि बऱ्याच गाड्यांचे मीटर असाच अंदाज बांधतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता मोजपट्टीचं. युरोपात एक टेस्ट, अमेरिकेत दुसरी, भारतात तिसरी. बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ७७ मॅक २, मोठी बॅटरी १०.३ युनिटची (युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच, हजार वॅट-अवर), आणि रेंज ३२३ किलोमीटर, ही भारतातल्या टेस्टवरची. वरच्या झिरोची बॅटरी कागदावर १४.४ युनिट आणि शहरातली रेंज २५९. म्हणजे बॅटरी लहान आणि रेंज जास्त? असं नाहीये, भारतातली टेस्ट बऱ्याच हळू स्पीडची आहे म्हणून तो आकडा मोठा दिसतो. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर एकाच स्पीडनं सोडल्या तर चित्र वेगळं दिसेल. त्यामुळे रेंजला रेंज लावून बघायचंच नाही, बॅटरीला बॅटरी लावून बघायची.

त्यातही एक मेख आहे. काही कंपन्या बॅटरीची 'मॅक्झिमम' क्षमता मोठ्या अक्षरात छापतात आणि 'नॉमिनल', म्हणजे प्रत्यक्षात हाती येते त्याच्या जवळची, खाली बारीक. एसआर/एफची मॅक्झिमम १४.४ आणि नॉमिनल १२.६, एनर्जिका या इटालियन कंपनीच्या एक्सपीरियाची मॅक्झिमम २२.५ आणि नॉमिनल १९.६. हिशोब नेहमी नॉमिनलवर करायचा. आता १२.६ युनिट भागिले १३२ किलोमीटर म्हणजे हायवेला किलोमीटरमागे साधारण ९५ वॅट-अवर. झिरोचीच छोटी एफएक्सई घ्या, नॉमिनल ६.३ युनिट, त्याच ११३ च्या स्पीडला रेंज साधारण ६४, तिथंही हिशोब येतो ९८ च्या आसपास. बघा, एक गाडी २२० किलोची, दुसरी १३५ किलोची, पण हायवेला दोघी जवळपास सारखंच खातात कारण तिथं वजन नाही, हवा खाते. म्हणून माझा सोपा हिशोब असा, हायवेला किलोमीटरमागे १०० धरा, शहरात ५०, तुमच्या लांबच्या दिवसाचे किलोमीटर त्यानं गुणा, हजारानं भागा म्हणजे युनिट आले, आणि त्यावर पाव भाग वर टाका, कारण थंडीत लिथियमची बॅटरी कमी देते, वर्षागणिक थोडी उतरते, आणि शून्यावर गाडी आणायची कुणालाच इच्छा नसते. हा आकडा आला की अर्धी मॉडेलं यादीतून आपोआप गळतात.

पुढचं चार्जिंग, आणि इथं नीट वाचा कारण घेतल्यानंतर पस्तावलेले लोक मी जास्त इथंच बघितलेत. चार्जिंगचे दोन रस्ते असतात, एक एसी, म्हणजे घरचा प्लग किंवा भिंतीवरचा चार्जर, आणि दुसरा डीसी फास्ट चार्जर, जो गाडीतला चार्जर बाजूला ठेवून थेट बॅटरीत वीज ढकलतो. कुठली गाडी कुठला रस्ता घेते हे मॉडेलवर आहे, कंपनीवरसुद्धा नाही. लाइव्हवायर वन, जी आधी हार्ले-डेव्हिडसनची म्हणून २०१९ ला आली होती, तिला डीसी लावला तर शून्य ते ८० टक्के ४० मिनिटांत, आणि पूर्ण एक तासात. मस्त. पण तीच गाडी एसीवर अगदी सावकाश घेते, मोठा एसी चार्जर लावला तरी फरक पडत नाही कारण गाडीतला चार्जरच लहान आहे, रात्रभर लावूनच ठेवायची. आणि त्याच लाइव्हवायरची एस२ डेल मार बरोब्बर उलटी, एसीवर २० ते ८० टक्के सव्वा तासाच्या थोडं वर, पण डीसीचं भोकच नाही. झिरो एसआर/एफ आली तेव्हा तिलाही डीसी नव्हतं, एसीच मोठा. एनर्जिका एक्सपीरियाला दोन्ही.

तर मग तुमच्या वाटेवर कुठले चार्जर आहेत ते आधी बघा, ॲपमधल्या नकाशावर नाही, जाऊन बघा, चालू आहे का, गाडी लावायला जागा आहे का, वायर मोटरसायकलपर्यंत पोचते का. आणि शंभर टक्क्यांची वेळ विचारू नका, ८० च्या पुढं सगळ्याच बॅटऱ्या हळू घेतात, शेवटच्या वीस टक्क्यांत चहाचे तीन कप होतात. घराखाली प्लगच नसेल तर काढता येणाऱ्या बॅटरीची गाडी बघा, कावासाकी निन्जा ई-१ मध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एकेक साडेअकरा किलोची, उचलून वर न्यायची. रेंज मात्र कमी, कंपनी ७२ किलोमीटर सांगते, आणि रोज जिन्यातून तेवीस किलो वरखाली करायला जमेल का ते आपलं आपल्याला ठरवायला लागतं.

पॉवरबद्दल एवढंच की 'पीक' आणि 'कंटिन्युअस' असे दोन आकडे असतात, पीक म्हणजे थोडा वेळ, ओव्हरटेक करताना, आणि कंटिन्युअस म्हणजे गाडी सतत जेवढं देऊ शकते तेवढं. एक्सपीरियाचं पीक ७५ किलोवॅट आणि कंटिन्युअस ६०, हे चांगलं प्रमाण आहे. घाटात भार घेऊन जाणार असाल तर कंटिन्युअस विचारा. शून्य ते शंभर वगैरे सोडून द्या, यातली प्रत्येक मोठी गाडी गरजेपेक्षा जास्त पळते.

वजन मात्र सोडू नका. लाइव्हवायर वन २५५ किलो, एक्सपीरिया २६०, डेल मार १९८. शोरूममध्ये गाडीवर बसून सगळ्यांनाच बरं वाटतं, तुम्ही काय करा, खाली उतरा आणि हँडल धरून गाडी मागं ढकला, किंचित चढावर. पार्किंगमधून रोज हेच करायचंय. एनर्जिकामध्ये मोटरवर सावकाश मागं जायची सोय आहे आणि एवढ्या वजनाला ती लागतेच.

आता टेस्ट राइड. आवडती गाडी कागदावर सापडत नाही, ती इथंच सापडते, आणि लोक नेमकं इथं चुकतात, मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पिळून येतात, हसत उतरतात आणि बुक करतात. तो धक्का सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्या देतात, मोटरला पूर्ण टॉर्क (चाक फिरवायची ताकद) शून्यापासूनच मिळतो, त्यावरून काहीच कळत नाही. तुम्ही उलटं करा, सगळ्यात हळू चालवा. माणूस चालतो त्या स्पीडला आणा आणि तशीच वीस-पंचवीस मीटर न्या, पाय न टेकवता. पेट्रोलच्या गाडीवर आपण हे हाफ क्लचवर करतो, इथं क्लच नाही, सगळं उजव्या मनगटात. काही गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये काहीच होत नाही आणि मग एकदम ओढ लागते, मनगट आखडतं, गाडी उचक्या देत जाते. चांगल्या गाडीत बोट हलवल्याएवढं फिरवलं की चाक तेवढंच फिरतं, अगदी दोरीनं ओढल्यासारखं मऊ. मग यू-टर्न घ्या, मागचा ब्रेक हलका दाबून ॲक्सिलरेटर चालू ठेवा, कारण क्लच नसताना तोल असाच धरायचा असतो, आणि काही गाड्या ब्रेकला हात लागला रे लागला की मोटर बंद करतात, मग अर्ध्या वळणात गाडी मरते आणि पाय टेकावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतः पाय टेकवला तेव्हा कळलं.

रीजनचंही बघा, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतः ब्रेकसारखी जी आवळते आणि पॉवर बॅटरीत परत पाठवते ते. कमी-जास्त करता येतं का, आणि सोडताना हळूच आवळते का झटका देते. पण एक गोष्ट, शोरूमवाले गाडी फुल चार्ज करून ठेवतात, आणि भरलेल्या बॅटरीत पॉवर परत घ्यायला जागाच नसते, त्यामुळे रीजन जवळजवळ लागतच नाही आणि तुम्हाला वाटतं या गाडीत नाहीच. ८० टक्क्यांच्या आसपासची गाडी मागा.

आवाज ऐका. इंजिन नाही म्हटल्यावर बाकी सगळं ऐकू येतं, चेनची खरखर, हेल्मेटमधला वारा, पुढच्या फोर्कमधलं टकटक. एसआर/एफ आणि डेल मारला बेल्ट आहे, एक्सपीरियाला चेन, आणि हा फरक कानाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मला बेल्ट आवडतो, तेल नको, ताणायची कटकट कमी.

कंपनी टिकेल का हेही विचारायला लागतं, वाईट वाटतं पण लागतं. एनर्जिका, जिच्या गाड्यांवर २०१९ ते २०२२ मोटोई (इलेक्ट्रिक मोटरसायकलींच्या) रेस झाल्या, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि गाड्या उत्तम होत्या हो. म्हणून वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा ती द्यायला जवळ माणूस कोण आहे, चार्जर किंवा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) गेला तर पार्ट किती दिवसांत येतो, आणि सॉफ्टवेअर बिघडलं तर लॅपटॉप लावणारा तिथं आहे का, हे विचारा.

माझी आवडती कुठली विचाराल तर एफएक्सई. रेंज कमी, मला माहितीय, पण माझा लांबचा दिवस ७० किलोमीटरचा आहे आणि त्यात हायवे दहा, आणि १३५ किलोची गाडी अरुंद गल्लीत जशी वळते तशी २५० किलोची वळत नाही, मी दोन्ही लागोपाठ चालवून बघितल्यात. ज्याला दिवसाला तीनशे जायचंय त्याला ही चालणार नाही, त्यानं मोठ्या बॅटरीची आणि डीसी असलेलीच बघावी.

आणि दोन गाड्यांवर गाडी अडली ना, म्हणजे दोन्ही आवडल्या, तर दुसऱ्यांदा राइड मागा आणि या वेळी २० टक्के बॅटरीवर मागा. शोरूमवाला नको म्हणेल, तरी मागा. बॅटरी उतरली की बऱ्याच गाड्या पॉवर कमी करतात, काही हळूहळू, काही एकदम, आणि रोज संध्याकाळी घरी येताना तुम्ही त्याच गाडीवर बसलेले असणार.