एप्रिलच्या थंडीतली क्लब मॅच: या चुका टाळा

दरवर्षी एप्रिलचा तिसरा-चौथा शनिवार आला की मला धडकी भरते. इंग्लंडात क्लब क्रिकेटचा सीझन तेव्हा सुरू होतो, दुपारी एकच्या आसपास मॅच, आठ-नऊ डिग्री, वरून बोचरा वारा, आणि आपल्याकडून नोकरीला नाहीतर शिकायला आलेली पोरं अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून ग्राउंडवर हजर. मी मिडलंड्समधल्या एका क्लबच्या चौथ्या टीममध्ये बरीच वर्षं खेळतोय, काही वर्षं कॅप्टनही होतो, आणि त्याच त्या चुका इतक्यांदा बघितल्यात की आता लिहूनच टाकतो. पोरं चांगली खेळतात, त्याबद्दल वाद नाही. त्यांना घाई फार असते. गावाकडे सगळं क्रिकेट कडक उन्हात टेनिस बॉलवर झालेलं, त्यामुळे सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक बॉल, आणि गारठा एकत्र आले की काय होतं हे माहीत नसतं, आणि सांगायला गेलं तर "दादा, चालतंय हो".

नाही चालत.

बाह्या ओढून तळहातावर घेणं

ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. फिल्डिंगला अर्धा तास उभं राहिलं की बोटं बधिर होतात, मग माणूस आपोआप स्वेटरच्या बाह्या खाली ओढतो आणि मुठीत धरून ठेवतो. दोन बॉलच्या मध्ये धरा की, कोण नको म्हणतंय. पण बॉलर धावायला लागला की हात मोकळे पाहिजेत म्हणजे पाहिजेत.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे सांगलीचा एक पोरगा नवीन आला होता, चपळ, थ्रो एकदम सपाट. कव्हरला उभा केला. विसाव्या ओव्हरच्या आसपास बॅट्समनने त्याच्याकडे ढकलला आणि ते एका रनसाठी पळाले, याने खाली वाकून बॉल अडवला, पण बाही तळहातावर ताणून धरलेली, त्या कापडातच बॉल घेतला, का तर गार हातावर सीझन बॉल लागला की डोळ्यांत पाणी येतं. खालच्या टीम्सना नेमलेला अंपायर नसतो, बॅटिंग करणाऱ्या टीमचेच लोक उभे राहतात. त्या दिवशी त्यांचा सत्तरीतला एक गृहस्थ होता, सगळे नियम पाठ. त्याने लगेच डेड बॉल दिला आणि एक हात दुसऱ्या खांद्यावर टपटप आपटायला लागला. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ती खूण काय ते कळलंच नाही. मुद्दाम कपडा हाताने ताणून त्या कपड्याने बॉल अडवला तर बॅटिंग टीमला पाच रन दंडाचे. त्यांनी पळून काढलेली रन वेगळी. आणि तो बॉल ओव्हरमध्ये धरायचाच नाही, परत टाकायचा. म्हणजे एका बॉलवर सहा गेले आणि बॉल शिल्लक तो शिल्लकच. ती मॅच आम्ही चार रनने हरलो. पोरगा चहाच्या वेळी कोपऱ्यात बसून होता, कोणाशी बोलेना. मला त्याचा राग नाही आला, माझाच आला, कारण सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून एप्रिलमध्ये टॉसआधी मी हे नवीन पोरांना सांगतोच.

हातमोजे घालून फिल्डिंग करू का, हाही प्रश्न येतो. विकेटकीपर सोडून कोणालाही ग्लोव्हज चालत नाहीत. बोटाला पट्टी बांधायची असेल तरी अंपायरला विचारून.

मी काय करतो? पँटच्या दोन्ही खिशांत एकेक हँड वॉर्मर, ती छोटी गरम होणारी पाकिटं मिळतात ना, ती. बॉल डेड झाला की हात खिशात, बॉलर वळला की बाहेर. स्लिपला असेन तर हात काखेत. आणि मॅचआधी वीस-पंचवीस कॅच, आधी टेनिस बॉलवर, मग हळू फेकलेल्या सीझन बॉलवर. ही पायरी गाळून थेट उंच कॅचला पळणारे लोक बघितले की मला भीती वाटते, गार बोटाच्या टोकावर बॉल बसला तर पुढचा महिनाभर कीबोर्डसुद्धा धड चालवता येत नाही.

नवी कोरी बॅट थेट मॅचला

कृपा करून असं करू नका. मेरठहून नाहीतर जालंधरहून हौसेने मागवलेली इंग्लिश विलोची बॅट, वीसेक हजार मोजलेले, आणि शनिवारी सकाळी प्लॅस्टिक फाडून दुपारी स्ट्राइकला. "दुकानदाराने मशीनवर नॉक करून दिलीय" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा बॅटचा टो, म्हणजे खालचं टोक, गेलेलाही बघितलाय. एकाचा तर तिसऱ्याच बॉलला, यॉर्कर खणला आणि खालचा अंगठ्याएवढा तुकडा उडून पिचवर पडला. फटाका फुटावा तसा आवाज आला होता. तो तुकडा त्याने उचलून खिशात ठेवला, मला ते अजून दिसतं.

विलो हे मऊ लाकूड, ठोकून ठोकून त्याचे तंतू दाबून घट्ट करावे लागतात. मशीनने मधला भाग होतो थोडाफार, पण कडा आणि टो हातानेच करायला लागतात. जवसाचं तेल हलक्या हाताने, दोनदा, मध्ये एक दिवस सुकवून. मग लाकडी हातोडीने रोज अर्धा तास, सहा तास तरी भरेपर्यंत. मग नेट्समध्ये जुन्या बॉलवर, मग मॅच. गावाकडे मोज्यात जुना बॉल घालून दोरीला टांगून ठोकायचो, ते इथेही चालतं, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगा. आणि टोवर गार्ड लावा, कारण एप्रिलची पिचं ओली असतात, खालून पाणी शोषलं की टो फुगतो.

वेळ नाही म्हणता? मग क्लबच्या किटमधली जुनी बॅट घ्या. काही कमीपणा नाही त्यात.

पुढे येऊन ड्राइव्ह

ओल्या पिचवर बॉल थांबून येतो. आपण बॅट फिरवून मोकळे झालेलो असतो आणि बॉल मागून येतो, मग मिड-ऑफला सोपा कॅच. मुंबईत ज्यांनी भर पावसाळ्यात कांगा लीग खेळलीय त्यांना हे शिकवावं लागत नाही, १९४८ पासून तिथे पोरं ओल्या विकेटवरच घडलीत. उशिरा खेळा, बॉल डोळ्यांखाली येऊ द्या. पहिल्या पाच ओव्हरमध्ये दहा रन झाल्या तरी चालतं, खरंच चालतं. पॅव्हेलियनमधून "मार की" ओरडणारे ऐकू नका.

बाकीचं पटापट सांगतो.

पूर्ण स्पाइक्सचेच बूट घाला. रबरी तळाच्या बुटांवर ओल्या गवतात वळताना पाय सरकतो आणि मांडी धरून बसायची वेळ येते.

एक जाड स्वेटर नको, तीन पातळ थर घाला, आतला थर्मलचा.

बॉलला थुंकी लावणं ऑक्टोबर २०२२ पासून नियमातच बंद झालंय, घाम चालतो, पण आठ डिग्रीत घाम कुठून आणणार, तेव्हा पँटवर कोरडा घासा. ओला झाला तर अंपायरला विचारून टॉवेलने पुसा.

फास्ट बॉलर्सनी पहिला बॉल फुल स्पीडने टाकू नये, आधी बाजूला आठ-दहा टाका. स्पिनर असाल तर कॅप्टनला आदल्या ओव्हरलाच विचारा, म्हणजे बोटं गरम करायला वेळ मिळतो.

चहाच्या ब्रेकमध्ये पोटभर खाऊन बसू नका, अंग आखडतं.

आणि "इतक्या थंडीत कोण खेळतं" हे पालुपद बंद करा. २ जून १९७५ ला बक्स्टनला डर्बीशायर-लँकेशायर काउंटी मॅचमध्ये बर्फ पडला होता, जूनमध्ये! दिवस वाया गेला, पण मॅच पुढे पूर्ण झाली.

शेवटची गोष्ट, आउट झालात म्हणून गाडीत हीटर लावून बसू नका. तुमच्या टीमची बॅटिंग आहे, अंपायरिंग तुमच्यातल्याच कोणीतरी करायचंय, आणि ते दरवेळी त्याच दोन वयस्क माणसांनी का करायचं? पॅड काढा, जाड कोट चढवा, दहा ओव्हर उभे राहा. बॉल मोजायला मी क्लिकर नेत नाही, सहा नाणी नेतो. डाव्या खिशातून उजव्या खिशात एकेक. बोटं बधिर झाली की क्लिकरचं बटण दाबलं गेलं की नाही ते समजत नाही, नाणं मात्र समजतं.