प्रदर्शनासाठी ‘अर्नाळा’चं तरंगतं मॉडेल

मराठवाड्यात समुद्र नसला तरी गोठ्याजवळचा हौद आहे, तेवढा पुरतो. 18 जून 2025 ला नौदलात आलेली ‘अर्नाळा’ ही देशी पाणबुडीविरोधी नौका 77 मीटर लांब. 1:100 प्रमाणात मॉडेल 77 सेंमी. सनबोर्डाचा नुसता सांगाडा हलका पडतो आणि कलंडतो. म्हणून कोरड्या वाळूच्या छोट्या पिशव्या तळाला, मधोमध घट्ट चिकटवा. वाळू सरकली की मॉडेल आडवंच. सांध्यांना एम-सील लावा, पांढरा गोंद पाण्यात सुटतो. मागे पंखा नको, ही वॉटरजेटवर, म्हणजे मागे पाण्याचा जोरदार झोत सोडून चालते. सोनारचं (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारं यंत्र) विचारलं तर सांगा: उथळ पाण्यात तळ अन् पृष्ठभाग दोन्हींचे प्रतिध्वनी येतात, पाणबुडीचा त्यातच हरवतो.