सस्टेनेबिलिटीतील करिअर: कोणते प्रमाणपत्र, केव्हा आणि कशासाठी

कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी विभागात शिरू पाहणारे बहुतेक जण ‘कोणते प्रमाणपत्र घेऊ’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. त्याआधी ‘या विभागातले नेमके कोणते काम करायचे आहे’ हे ठरवले, तर वेळ आणि शुल्क दोन्ही वाचते. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या या क्षेत्रात उत्सर्जनाचा हिशेब ठेवणारे, अहवाल तयार करणारे, हवामानबदलाची आर्थिक जोखीम जोखणारे आणि कारखाने किंवा इमारती तपासणारे असे निरनिराळे लोक काम करतात.

वाट कोणतीही धरली, तरी हरितगृह वायूंचा हिशेब आल्याशिवाय चालत नाही. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे २००४ चे सुधारित कॉर्पोरेट मानक आणि २०११ चे स्कोप ३ मानक विनामूल्य मिळते. पैसे भरण्याआधी ही दोन्ही वाचून काढावीत. कंपनीच्या जनरेटरमध्ये वर्षभरात १,००० लिटर डिझेल जळाले असेल, तर लिटरमागे सुमारे २.७ किलो धरून स्कोप १ मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात, अंदाजे २.७ टन कार्बन डायऑक्साइडची नोंद होते. विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये जाते, तर पुरवठादारांपासून कर्मचाऱ्यांच्या प्रवासापर्यंत बाकीचे सारे स्कोप ३ च्या १५ वर्गांत विभागले जाते. गुणाकार शाळकरी आहे. कस लागतो तो डिझेलची बिले गोळा करताना, गहाळ महिन्यांसाठी कोणते गृहीतक धरले ते लिहून ठेवताना आणि लेखापरीक्षकाला प्रत्येक आकड्याचा माग दाखवताना.

अहवालाच्या कामासाठी जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) या अहवालाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या अकादमीचे प्रशिक्षण उपयोगी पडते, कारण जीआरआयची मानके कंपनीचा समाजावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो हे विचारतात. याउलट आयएसएसबी या आंतरराष्ट्रीय सस्टेनेबिलिटी मानक मंडळाने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली एस१ आणि एस२ ही मानके गुंतवणूकदाराच्या नजरेतून लिहिलेली आहेत. त्या बाजूला जायचे असेल, तर आयएसएसबीची पालक संस्था असलेल्या आयएफआरएस फाउंडेशनचे दोन टप्प्यांचे एफएसए (फंडामेंटल्स ऑफ सस्टेनेबिलिटी अकाउंटिंग) प्रमाणपत्र अधिक जवळचे ठरते. बँकेतील जोखीम विभागासाठी गार्प या जोखीम व्यावसायिकांच्या संघटनेची एससीआर (सस्टेनेबिलिटी आणि हवामान जोखीम) परीक्षा, इमारतींसाठी लीड (LEED) या हरित इमारत मानांकनाचे ‘लीड ग्रीन असोसिएट’ प्रमाणपत्र आणि कारखान्यांच्या तपासणीसाठी आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापन मानकाचे लीड ऑडिटर (मुख्य तपासनीस) प्रशिक्षण, अशी ढोबळ विभागणी करता येते. लेखापाल किंवा अभियंता यांनी आपली मूळ पदवी झाकून नव्याने सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. उलट हिशेबाची शिस्त आधीच अंगी असलेला माणूस या विभागांना हवाच असतो.

एका वेळी एकच प्रमाणपत्र घ्यावे, आणि ते घेत असतानाच एखाद्या कंपनीचा प्रसिद्ध अहवाल निवडून त्यातील उत्सर्जनाच्या आकड्यांची दोन पानी चिकित्सा लिहावी: आधारवर्ष (ज्या वर्षाशी तुलना केली जाते ते) बदलले आहे का, स्कोप ३ चे कोणते वर्ग वगळले, आणि त्याचे कारण दिले आहे का. माझ्या मते मुलाखतीत अशी दोन पाने बायोडेटातील चौथ्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतात.

नोंदणी करण्यापूर्वी अभ्यासक्रमाची आवृत्ती जरूर तपासावी, कारण या क्षेत्रातील मानके आणि संस्था झपाट्याने बदलतात. टीसीएफडी हा हवामानाशी निगडित आर्थिक माहिती कशी जाहीर करावी हे सुचवणारा कार्यगट ऑक्टोबर २०२३ मध्ये विसर्जित झाला, तरी जुन्या पुस्तिका त्याची शिफारस चालू व्यवस्था म्हणूनच शिकवतात. नूतनीकरणाचा खर्चही आधीच धरावा. लीड ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांनी १५ तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते.