हँड मोल्डिंग मशीनवर रिसायकल प्लास्टिक: तापमान वाढवण्याआधी या चुका टाळा

पीस अर्धवट भरला की हात आधी टेंपरेचर कंट्रोलरकडे जातो. २०० चे २२०, मग २४०, मग २६०. धूर येतो, माल पिवळा पडतो, आणि साच्याचा कोपरा तरीही रिकामाच. दांड्याच्या छोट्या मशीनवर शॉर्ट पीस येण्याचं कारण बहुतेक वेळा माल, वेळ किंवा साचा हे असतं. तापमान वाढवणं हा शेवटचा इलाज.

आधी मशीनची ताकद किती ते बघा. बॅरल या तापलेल्या नळीतला माल प्लंजर, म्हणजे दांड्याने दाबला जाणारा दट्ट्या, नोझलच्या तोंडातून साच्यात ढकलतो. प्लंजर २५ मि.मी. व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौ. सें.मी. दांड्याचं गुणोत्तर १:१० आहे आणि तुम्ही ३० किलोचा जोर लावला, तर प्लंजरवर ३०० किलो, म्हणजे दर चौ. सें.मी.ला ६० किलोच्या आसपास दाब मिळतो. कारखान्यातली मशीन दर चौ. सें.मी.ला ५०० ते १५०० किलोच्या दाबाने माल ढकलतात. तिथे चालणारी १ मि.मी. जाडीची भिंत आपल्याकडे भरणारच नाही. जाडी २.५ ते ४ मि.मी. ठेवा आणि मालाचा साच्यातला प्रवास कमी ठेवा.

बाटल्यांचा चुरा वापरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. शांपूची बाटली, तेलाचा कॅन, फिनेलची बाटली हे बहुतेक एचडीपीई या प्लास्टिकचंच असतं, पण ब्लो ग्रेडचं, म्हणजे फुगवून बनवण्याचं. बाटली फुगवताना वितळलेली नळी स्वतःच्या वजनाने ओघळू नये म्हणून तो माल मुद्दाम घट्ट बनवलेला असतो. त्याचा मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा) १ च्याही खाली असतो. इंजेक्शन ग्रेडचा, म्हणजे दाबाने साच्यात भरण्याच्या मालाचा, साधारण ५ ते २०, कधी त्याहूनही जास्त. हाताच्या दाबाला ब्लो ग्रेडचा माल दाद देत नाही, मग तापमान कितीही चढवा.

म्हणून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, बादल्या, मग, डबे असा मुळात इंजेक्शनने बनलेला माल निवडा. ओळखणं सोपं आहे: वस्तू उलटी करून तळाच्या मध्याशी बघा. तिथे बारीक गोल टिंब, म्हणजे गेटची (माल साच्यात शिरतो त्या भोकाची) खूण दिसली तर ती इंजेक्शनची. तळावर आडवी चिमटल्यासारखी रेघ असेल तर ती ब्लोची. ब्लोचा चुरा फार साठलाच असेल तर तो झाकणांच्या चुऱ्यात २० टक्क्यांपर्यंत मिसळून बघा, किंवा त्याच्या जाड पट्ट्या आणि पत्रे दाबून काढा.

पीपी आणि एचडीपीई एकत्र करणं

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हेही प्लास्टिकच. दोन्ही पाण्यावर तरंगतात, दोन्ही वितळतात, म्हणून लोक ते एकत्र टाकतात. वितळल्यावरही ते एकजीव होत नाहीत. पीस थंड झाल्यावर गेटजवळ पापुद्रे सुटतात आणि वाकवला की तिथेच तुटतो. वर्गवारी वस्तूच्या पातळीवर, चुरा करण्याआधीच करा: वस्तूवरच्या त्रिकोणातला २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. बिजागरीचं फ्लिप-टॉप झाकण सहसा पीपीचं असतं, त्याच्या खालची बाटली मात्र एचडीपीईची.

पाण्याची चाचणी तरीही हवी, कारण ती पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) पकडते. पीव्हीसी आणि पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) बुडतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर हवेच्या बुडबुड्यांवर बुडणारा मालही तरंगतो. बुडालेला एकही तुकडा बॅरलमध्ये जाऊ देऊ नका. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो फुफ्फुसांना घातक आहे आणि बॅरललाही गंज चढवतो.

धुतलेला चुरा उन्हात वाळवून ८० अंशांवर एक-दोन तास ठेवा. पावसाळ्यात ही पायरी टाळलीत तर नोझल थुंकू लागतं आणि पिसावर चंदेरी रेघा उमटतात.

कंट्रोलरचा आकडा म्हणजे मालाचं तापमान समजणं

प्लास्टिकमधून उष्णता फार सावकाश सरकते. बॅरलचा आतला व्यास २५ मि.मी. असेल तर मध्यावरचा माल तापायला १० ते १५ मिनिटं लागतात, आकडा २१० वर स्थिरावल्यानंतर. व्यास दुप्पट केला तर वेळ चौपट होतो. मोठा पीस हवा म्हणून ५० मि.मी.ची नळी लावणाऱ्यांची गाडी इथेच अडते. त्यापेक्षा बॅरल लांब ठेवा.

थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) हीटर बँडखाली, म्हणजे बॅरलला गुंडाळलेल्या हीटरच्या पट्ट्याखाली, दाबू नका. तिथे तो हीटरचं तापमान मोजतो. बॅरलच्या भिंतीत आरपार न जाणारं भोक पाडून त्यात बसवा. नोझलला वेगळा बँड आणि वेगळा कंट्रोलर द्या, कारण साच्याला टेकल्यावर आधी नोझलच गार होतं. सुरुवात एचडीपीईला २०० ते २२०, पीपीला २१० ते २३० अंशांनी करा आणि नोझल ५ ते १० अंश जास्त ठेवा.

के टाइप थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या तर बॅरल तापत असताना आकडा खाली जातो आणि कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. पहिल्यांदा सुरू करताना आकडा वर चढतोय ना, हे उभं राहून बघा. एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो. म्हणून त्याला हीटसिंक लावा, पुढे एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) द्या, बॅरलला पक्कं अर्थिंग करा. पहिल्या तापवणीनंतर मेन बंद करून, बॅरल गार झाल्यावर बँडचे स्क्रू पुन्हा आवळा. बँड सैल राहिला की मध्ये हवा राहते आणि हीटर जळतो.

साच्याकडे दुर्लक्ष

साच्याचं तोंड नोझलच्या भोकापेक्षा किमान अर्धा मि.मी. मोठं हवं, आणि स्प्रूला (तोंडातून माल आत जातो त्या वाटेला) आतल्या बाजूला रुंद होत जाणारा २ ते ३ अंशांचा उतार. उलटं झालं तर स्प्रू अडकतो आणि प्रत्येक पिसाला छिन्नी लागते.

शॉर्ट नेहमी एकाच कोपऱ्यात येतो आणि तिथे काळपट डाग असतो, तेव्हा हवा कोंडली आहे. तापमान वाढवाल तर डाग गडद होईल. त्या जागी पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे) ०.०२ ते ०.०३ मि.मी. खोल वाट काढा. हवा जाते, माल जात नाही.

साचा गार असेल तर माल आत शिरतानाच कडांना गोठतो. ५० ते ७० अंशांपर्यंत गरम करा. पिसावर लाटांसारख्या रेघा दिसल्या तर साचा अजून गार आहे.

फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येत असेल तर साच्याची पकड तपासा. १० × १० सें.मी.चा पीस आणि ६० किलो दाब म्हणजे साचा उघडणारा जोर सहा टनांपर्यंत जाऊ शकतो. दोन-चार टॉगल क्लॅम्प तिथे पुरे पडत नाहीत. नीट आवळलेले ८.८ ग्रेडचे चार एम१० बोल्ट पुरतात.

दांडा लवकर सोडणं

चुरा सैल पडतो, त्यात दोन तृतीयांश हवाच असते. थोडा टाका, प्लंजरने दाबा, पुन्हा टाका. पिसाचं वजन, स्प्रूसह, बॅरलमध्ये मावणाऱ्या मालाच्या ६० ते ७० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. एका दमात, न थांबता दाबा आणि साचा भरल्यावरही दांडा २० ते ३० सेकंद धरून ठेवा. एचडीपीई थंड होताना दीड ते तीन टक्के आकसतं. गेट गोठण्याआधी दाब सोडला की जाड भागावर खड्डे पडतात.

दांडा अजिबात हलत नसेल तर लटकून जोर लावू नका. नोझलमध्ये गोठलेला गोळा सुटला की माल एकदम उडतो, तो प्लंजरच्या बाजूनेही येऊ शकतो. दाब सोडा, नोझल पाच-दहा मिनिटं तापू द्या, चेहऱ्यावर शील्ड आणि हातात चामड्याचे मोजे घालूनच पुन्हा सुरू करा. काम संपल्यावर बॅरल रिकामं करून मग हीटर बंद करा. आत थोडा माल राहिलाच असेल तर दुसऱ्या दिवशी तो पूर्ण वितळेपर्यंत दांड्याला हात लावू नका.