घोडी असो वा कुत्रं, आधी वजन, मग जंताचं औषध

आषाढसरी सुरू झाल्या. कोकणातून परतलेले धनगरांचे वाडे फलटण, माण, खटावकडे टेकलेत. लिदीतल्या अंड्यांतून निघालेल्या जंताच्या अळ्या दव असेतो गवताच्या पात्यावर चढून बसतात आणि घोडी नेमकी पहाटेच तोंड लावते. औषधाचं आत्ताच बघा, पण डोळ्याच्या अंदाजाने देऊ नका.

मी पाहिलेल्या खंगून मेलेल्या बऱ्याच घोड्यांना औषध दिलेलं होतं. वजन अंदाजाने धरलेलं, मात्रा अपुरी. अपुऱ्या मात्रेने चिवट जंत तेवढे मागे राहतात आणि पुढची वीण त्यांचीच होते.

शिंप्याची फीत आणा. कोपराच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 140 आणि लांबी 130 सेंटीमीटर भरली, तर घोडी सुमारे 215 किलोची. तिला सगळे दीडशेची म्हणतात. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध किलोला 7.5 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 1.6 ग्रॅम लागतं. दीडशे धरलं तर जेमतेम 1.1 ग्रॅम पोटात जातं.

औषध लागू पडलं का, हे लीद सांगते. औषधाच्या दिवशी आणि 14 दिवसांनी लीद तपासून अंडी मोजून घ्या. फेनबेंडाझोलने अंडी 90 टक्क्यांनी घटली नाहीत, तर डॉक्टरांना विचारून आयव्हरमेक्टिन, किलोला 0.2 मिलिग्रॅम, तोंडावाटेच. गुरांचं इंजेक्शन घोडीला टोचू नका. शिंगराच्या मोठ्या गोल जंतावर आयव्हरमेक्टिन अनेकदा चालत नाही. शिंगराच्या वजनाचं गणितही वेगळं, ते डॉक्टरांकडूनच करून घ्या.

दुकानदार लिव्हर टॉनिकची महागडी बाटली पुढे करेल. तिने एकही जंत मरत नाही. ते पैसे लीद तपासणीला ठेवा.

कुत्र्याचं प्रकरण घरातल्या पोरांपर्यंत पोचतं. मेंढीच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतात. ते कुत्र्याला टाकलं की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, आणि त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांवरून पोरांच्या हाताला लागतात. यावर प्राझिक्वांटेल, किलोला 5 मिलिग्रॅम, दर सहा आठवड्यांनी. आयव्हरमेक्टिन इथे कामाचं नाही, आणि मेंढ्यांच्या बाटलीतलं तर कुत्र्याला मुळीच नको. बाजारातल्या गोळीत प्राझिक्वांटेल 50, पायरंटेल पामोएट 144 आणि फेबँटेल 150 मिलिग्रॅम असेल, तर दहा किलोला एक. कुत्रं उचलून काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा.

पाऊस उघडून दोन-तीन दिवस उबदार, ढगाळ गेले की जंत वाढतात, असं मला दरसाल दिसतं. त्या दिवसांत घोडी उन्हं वर आल्यावरच सोडा.

बाकीची कामं:
- लीद रोज उचलणं
- मेलेल्या मेंढीची आतडी, काळीज, फुप्फुस खोल पुरणं
- कुत्र्याच्या पिल्लांना दोन आठवड्यांपासून जंताचं औषध. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा
- गाभण घोडी असेल तर आधी डॉक्टरांना विचारणं